युगांडात खिदमतीला जाताय? एंटेबीला उतरण्याआधी आणि उतरल्यावर

रमजान ईद झाली की आमच्याकडे एका ठरावीक प्रकारचे फोन येऊ लागतात. बोलणारा बहुतेक विशी-पंचविशीतला तरुण असतो, कधी नुकत्याच निवृत्त झालेल्या एखाद्या शिक्षिका आपा असतात. "आफ्रिकेत जाऊन खिदमत करायची आहे. बोअर मारायचे, शाळेत शिकवायचं, पडेल ते काम. कसं जायचं ते सांगा." पिवळे कॅन घेऊन पाण्यासाठी उभ्या असलेल्या लेकरांचा व्हिडिओ मोबाइलवर पाहिलेला असतो आणि मन हललेलं असतं. नियत साफ असते. पण आम्ही पुढचे प्रश्न विचारले की गाडी अडते. आफ्रिकेत कुठे? तिथे ५४ देश आहेत. कोणाच्या बोलावण्यावरून? कोणत्या परवान्यावर? आणि सगळ्यात अवघड प्रश्न, तुम्हाला नेमकं येतं काय?

प्रत्येकाला फोनवर तेच ते सांगण्यापेक्षा एकदा लिहून टाकावं म्हणून हा लेख. आम्ही सहा जण युगांडाला जाऊन आलो. दोघे कोकणातले, तिघे मराठवाड्यातले आणि एक सोलापूरचे मिस्त्री, ज्यांना आम्ही सगळे चाचा म्हणतो. त्यामुळे खाली जे काही आहे ते युगांडाबद्दल आहे. शेजारच्या केनियात किंवा टांझानियात नियम वेगळे, बोली वेगळी. इथलं तिथे लावू नका.

आधी कागद

युगांडात उतरणाऱ्या प्रत्येकाकडे पिवळ्या तापाच्या लसीचं, म्हणजे यलो फीव्हरचं प्रमाणपत्र लागतं. ही लस कुठल्याही दवाखान्यात मिळत नाही, सरकारमान्य केंद्रावरच घ्यावी लागते आणि जाताना पासपोर्ट न्यावा लागतो. लस घेतल्यापासून दहा दिवसांनी प्रमाणपत्र लागू होतं, म्हणून तिकिटाच्या आदल्या आठवड्यात धावपळ करून उपयोग नाही. २०१६ पासून हे प्रमाणपत्र आयुष्यभर चालतं. ज्यांना अंड्याची गंभीर ॲलर्जी आहे किंवा वय साठीच्या पुढे आहे, त्यांनी आधी डॉक्टरांशी बोलावं. अजून एक गोष्ट लोक विसरतात. परत भारतात शिरतानाही हेच कार्ड दाखवावं लागतं, नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात.

हे पिवळं कार्ड पासपोर्टमध्येच ठेवा. आमच्यातल्या एकाने ते नीट जपून, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून मोठ्या बॅगेत ठेवलं होतं. बॅग इमिग्रेशनच्या पलीकडे आणि आरोग्य तपासणीचं टेबल अलीकडे. पुढचा पाऊण तास काय झालं ते इथे लिहीत नाही, त्याची बायको ही साइट वाचते.

व्हिसा ऑनलाइन मिळतो. एका प्रवेशाच्या पर्यटक व्हिसाची फी ५० डॉलर. सरकारच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच अर्ज करा, मिळत्याजुळत्या नावाच्या दलालांच्या साइट भरपूर आहेत. पण खरी अडचण पुढे आहे. पर्यटक व्हिसावर काम करता येत नाही आणि बिनपगारी काम हेही कामच धरलं जातं. गावात आठ-दहा दिवस पाहुणा म्हणून राहणं वेगळं आणि महिनाभर शाळेत शिकवणं वेगळं. दुसऱ्या प्रकारासाठी बोलावणाऱ्या स्थानिक संस्थेने तुमच्यासाठी तिथल्या इमिग्रेशनकडून वेगळा पास काढायला हवा. "कोणी विचारत नाही, या तुम्ही" असं सांगणारी संस्था असेल तर तिथेच थांबा. जी संस्था तुमच्या परवान्याबाबत ढिली आहे, ती हिशेबाबाबतही ढिलीच असणार.

औषधांची खोकी नेऊ नका. स्वतःच्या गोळ्या, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी, एवढंच. वाटायला औषधं न्यायची तर तिथल्या औषध प्राधिकरणाची परवानगी लागते. जुने कपडेही नेऊ नका. युगांडात बाहेरून आलेल्या जुन्या कपड्यांचा मोठा बाजार आहे, कंपालाचं ओविनो मार्केट त्यासाठीच प्रसिद्ध आहे. आपण विमानाचं वजन भरून नेलेले शर्ट तिथे शे-दोनशे रुपयांत मिळतात.

किब्ला, घड्याळ आणि सलाम

मुंबईहून एंटेबीला २०२३ पासून थेट विमानही सुरू झालं आहे. विमानतळ व्हिक्टोरिया सरोवराच्या काठावर, जवळपास विषुववृत्तावरच आहे. आम्ही अस्रच्या सुमारास बाहेर पडलो. नमाजसाठी बाजूच्या हिरवळीवर चादर टाकली आणि सहाही जण सवयीने पश्चिमेकडे तोंड करून उभे राहिलो. गाडीचा चालक, अब्दुल म्हणू या, धावत आला आणि हाताला धरून आम्हाला वळवलं. युगांडातून मक्का उत्तरेला आहे, किंचित पूर्वेकडे झुकून. आयुष्यभर किब्ला म्हणजे पश्चिम हेच अंगात मुरलेलं. चूक लहान होती, पण पुढचे दहा दिवस ती आम्हाला उपयोगी पडली. इथे आपल्याला जे आपोआप येतं ते सगळं एकदा विचारून घ्यायचं, हे पहिल्याच तासात कळलं.

घड्याळाचं तर विचारूच नका. युगांडा आपल्यापेक्षा अडीच तास मागे आहे, ते सोपं. पण लुगांडा भाषेत दिवसाचे तास सूर्योदयापासून मोजतात. सकाळचे सात म्हणजे पहिला तास, नऊ म्हणजे तिसरा. गावातल्या एका बुजुर्ग हाज्जींनी इंग्रजीत "उद्या तीनला बैठक" असं सांगितलं. आम्ही दुपारी तीनला पोचलो. लोक सकाळी नऊपासून आंब्याखाली बसून होते आणि अर्धे निघून गेले होते. कोणी रागावलं नाही, उलट चहा आला. आम्हाला मात्र मान वर करवेना.

रोजे आणि नमाजच्या वेळा तिथे वर्षभर जवळपास सारख्याच असतात, विषुववृत्तामुळे. सूर्य साडेसहा ते सातच्या दरम्यान उगवतो आणि तेवढ्याच वाजता मावळतो. युगांडातल्या मुसलमानांत शाफई मसलकाचा मोठा वर्ग आहे, कारण इस्लाम इथे पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून आला. १८४४ मध्ये बुगांडाच्या राजा सूना याच्या दरबारात आलेल्या अहमद बिन इब्राहिम या व्यापाऱ्यापासून तो इतिहास सांगतात. त्यामुळे आमचे कोकणी भाई पहिल्याच फज्रला, कुनूत ऐकून, घरी आल्यासारखे खूश. मराठवाड्याचे हनफी तिघे मात्र अस्रची अजान ऐकून घड्याळ बघत राहिले. मुसलमान लोकसंख्येच्या साधारण सातव्या-आठव्या हिश्श्याइतके आहेत, बहुसंख्य ख्रिस्ती आहेत, आणि एकाच घरात दोन्ही धर्मांची माणसं असणं हे तिथे नवल नाही.

आता सलामाबद्दल. तिथे भेटल्या भेटल्या कामाचं बोललं की माणूस उद्धट ठरतो. आधी ख्यालीखुशाली, घरच्यांची चौकशी, मग काम. पुरुषाला आदराने "सेबो", बाईला "न्याबो". "वेबाले" म्हणजे शुक्रिया, आणि हा शब्द दिवसातून शंभरदा वापरला तरी जास्त होत नाही. हज करून आलेल्यांना हाज्जी, हज्जाती म्हणतात. बुगांडा-बुसोगा भागात बायका मोठ्यांना सलाम करताना गुडघे टेकतात. आमच्यासमोर साठीच्या एक आजी गुडघ्यावर बसल्या तेव्हा आमचा एक जण त्यांना उठवायला झेपावला. तसं करू नका. त्यांच्या रिवाजात तो मान आहे, तुम्हीही वाकून तितक्याच अदबीने उत्तर द्या.

पैशाचं थोडक्यात. एका रुपयाला चाळीसच्या आसपास शिलिंग येतात. डॉलरच्या नोटा नव्या, न दुमडलेल्या आणि मोठ्या न्या, जुन्या छपाईच्या आणि लहान नोटांना कमी भाव देतात. पासपोर्ट दाखवून स्थानिक सिम घ्या. गावातही व्यवहार फोनवरच्या मोबाइल मनीने चालतात, आपल्याकडच्या यूपीआयसारखे. खाण्याचे हाल होत नाहीत. मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा म्हणजे पोशो, वाफवलेल्या हिरव्या केळ्यांचा मातोके, त्यावर शेंगदाण्याचा रस्सा. आणि चपाती तर सगळीकडे आहे, तिला तिथेही चपातीच म्हणतात. चपातीत ऑम्लेट गुंडाळून देतात त्याला रोलेक्स. आम्ही घड्याळाचं दुकान समजून एकदा पुढे निघून गेलो होतो.

तुम्ही तिथे कोरी पाटी नाही

कंपालाहून पूर्वेला जिंजाकडे निघालं की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस लागतो. आमच्या सोलापूरच्या चाचांना क्षणभर अकलूजच आठवलं. लुगाझी आणि काकिरा इथले साखर कारखाने गुजराती घराण्यांनी, मेहता आणि माधवानी यांनी उभे केले. रेल्वेच्या काळापासून हिंदुस्थानी माणूस इथे आहे, दुकानदार म्हणून, मालक म्हणून. ऑगस्ट १९७२ मध्ये इदी अमीनने आशियाई लोकांना ९० दिवसांत देश सोडायला लावला. अमीन स्वतः मुसलमान होता, आणि हाकलले गेले त्यांत हजारो मुसलमानही होते. नंतरच्या सरकारने त्यांना परत बोलावलं, मालमत्ता परत दिल्या, बरेच आलेही.

हे सांगायचं कारण असं की गावात तुम्हाला "मुयिंडी", म्हणजे हिंदी माणूस, अशी हाक येते आणि तिच्यात हा सगळा इतिहास असतो. तुम्ही मालक असणार, पैसेवाले असणार, हुकूम देणार, असं गृहीत धरलेलं असतं. आपण उम्मतचे भाऊ म्हणून गेलो, ते खरं आहे. पण समोरच्याला ते पटायला नमाजच्या सफेत उभं राहण्यापलीकडे काही दिवस जावे लागतात. मजुरांशी, चालकाशी, स्वयंपाक करणाऱ्या बाईंशी तुम्ही कसं बोलता, याकडे गाव बघत असतं.

बंद पंप

आमचा मुक्काम इगांगा जिल्ह्यात होता, जिंजाच्या पुढे. या भागात मुसलमान वस्ती बरीच आहे. आम्ही इथून सहा महिने वर्गणी जमा केली होती आणि एक नवीन बोअर मारायचं ठरवून गेलो होतो. नावाची संगमरवरी पाटीसुद्धा नेली होती. होय, विमानातून.

गावात कोणतंही काम करण्याआधी तिथल्या एलसी-वनच्या अध्यक्षांना, म्हणजे गावच्या सर्वांत खालच्या परिषदेच्या प्रमुखांना भेटावं लागतं. नोंदवहीत नाव लिहावं लागतं. ते झालं आणि अध्यक्ष आम्हाला गाव दाखवायला घेऊन गेले. अर्ध्या तासात आम्ही तीन हातपंप पाहिले. एक चालू होता, त्यावर पिवळ्या २० लिटरच्या कॅनची रांग शंभर पावलांपर्यंत. दुसऱ्याचं हँडल गायब. तिसरा दिसायला धड, पण त्यातून लालसर पाणी येत होतं आणि बायका ते घेत नव्हत्या, खालच्या दलदलीतून भरून आणत होत्या. बंद असलेल्या दोन्ही पंपांवर पाट्या होत्या. परदेशातल्या देणगीदारांच्या मरहूम आई-वडिलांच्या नावाने. सदका-ए-जारिया म्हणून दिलेलं पाणी, आणि तिथे जाऱ्या काहीच उरलेलं नव्हतं.

हे एका गावाचं दुखणं नाही. सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत कोणत्याही वेळी चारपैकी साधारण एक हातपंप बंद असतो, असं या विषयाचे अभ्यासक सांगतात. नवीन बोअरला देणगी मिळते. वायसरला मिळत नाही.

चाचा मात्र त्या पंपाभोवती फिरत होते. मग म्हणाले, "अरे, हा तर आपला पंप." आम्हाला वाटलं गंमत करतायत. पण गोष्ट खरी आहे आणि प्रत्येक मराठी माणसाला माहीत असावी अशी आहे. साठ-सत्तरच्या दशकांत आपल्याकडे गावोगाव बिडाचे हातपंप बसवले गेले. ते मुळात एका कुटुंबासाठी बनवलेले. अख्खं गाव त्यावर पाणी भरू लागल्यावर ते धडाधड मोडले. तेव्हा जालन्याला ख्रिस्ती मिशनच्या लोकांनी पोलादाचा, सांधे कमी असलेला मजबूत पंप बनवला. सोलापूरला त्यात सुधारणा झाली. त्या सोलापूर पंपाच्या आधारावर युनिसेफ आणि भारत सरकारने सत्तरच्या दशकात 'इंडिया मार्क टू' तयार केला. त्याचं पेटंट मुद्दाम घेतलं नाही, कोणालाही बनवता यावा म्हणून. तो जगभर गेला. युगांडात त्याच्या स्थानिक रूपाला यू-टू म्हणतात, सुधारित रूपाला यू-थ्री.

यंत्र साधं आहे. हँडलला साखळी, साखळीला सळ्या, सळ्यांच्या टोकाला खोल पाण्यात सिलिंडर आणि त्यात वरखाली होणारा दट्ट्या. दट्ट्याचे रबरी वायसर झिजतात, ते बदलावेच लागतात. मार्क टूमध्ये त्यासाठी पाइपची अख्खी रांग वर ओढावी लागते, तिवई लावून पाच-सहा माणसांनी. यू-थ्रीत दट्ट्या पाइपमधूनच वर काढता येतो. लाल पाण्याचं कारण वेगळं. त्या भागात जिथे भूजल आम्लधर्मी आहे तिथे जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी पाइप आतून गंजतात. पाण्याला गंजाची चव येते, कपडे पिवळे पडतात. बोअरमध्ये पाणी असतं, पंपही चालतो, तरी लोक तो सोडून देतात. युगांडाच्या पाणी खात्याने असे पाइप वापरण्यावर नंतर बंदीही घातली. त्याऐवजी स्टेनलेस स्टीलचे पाइप लागतात आणि ते महाग असतात. स्वस्तातला ठेकेदार काय बसवतो हे देणगीदाराला हजारो मैलांवरून कसं दिसणार?

त्या रात्री आमच्यात वाद झाला, तो लपवण्यात अर्थ नाही. दोघांचं म्हणणं, लोकांनी नव्या बोअरसाठी पैसे दिलेत, ती अमानत आहे, दुसरीकडे कसे वापरणार? बाकीच्यांचं म्हणणं, तीन पंप असलेल्या गावात चौथा लावून तोही दोन वर्षांत बंद पडणार. शेवटी रात्रीच देणगीदारांच्या ग्रुपवर फोटो आणि खर्चाचा अंदाज टाकला आणि प्रत्येकाची परवानगी मागितली. एक सोडून सगळ्यांनी दिली. त्या एकाचे पैसे परत केले. अमानतीचा मामला असा मोकळाच ठेवलेला बरा.

दुरुस्ती आम्ही केली नाही, हे स्पष्ट सांगतो. जिल्ह्यात हातपंप मेकॅनिकांची संघटना आहे, जिल्हा पाणी कार्यालयामार्फत तिच्यातले दोघे आले. चाचा त्यांच्याबरोबर पाने-स्पॅनर घेऊन बसले. एकाला दुसऱ्याची भाषा येत नव्हती आणि काहीही अडलं नाही. आम्ही बाकीचे पाच पाइप धरण्यापुरते कामाचे होतो, त्यासाठी गावात आमच्यापेक्षा दणकट पोरं उभी होती. एका पंपाला हँडल आणि वायसर, दुसऱ्याला स्टेनलेसचे पाइप. नव्या बोअरच्या खर्चाचा काही हिस्साच लागला. उरलेल्या पैशांतून सुट्या भागांची पेटी घेतली.

पण सुटे भाग हा अर्धाच मामला. युगांडात प्रत्येक पाणवठ्याला गावाची समिती असावी आणि तिच्यात निम्म्या तरी बायका असाव्यात असा नियम आहे. इथली समिती कागदावर होती. आंब्याखालच्या बैठकीत, या वेळी सकाळी नऊला, हज्जाती असलेल्या एका बाईंनी आम्हाला सरळ विचारलं: मागच्या वेळी आलेल्यांनी पंप बसवला, फोटो काढला आणि गेले. वर्गणी कोणी गोळा करायची, किल्ली कोणाकडे, हे कोणालाच सांगितलं नाही. तुम्ही काय वेगळं करणार? आम्ही म्हणालो, आम्ही काही ठरवणार नाही, तुम्हीच ठरवा. त्यावर चार तास चर्चा चालली. दर घरामागे महिन्याला किती, विधवांना माफी, खजिनदार कोण. बहुतेक बोलणं लुसोगात, आम्हाला अब्दुल अधूनमधून सांगायचा. कंटाळा आला हे कबूल करतो. पण आमच्या सगळ्या दौऱ्यात या चार तासांइतकं मोलाचं दुसरं काही घडलं नाही.

एक मुद्दा त्यातूनच निघाला. बंद पडलेला एक पंप मशिदीच्या आवारात होता. चालू असतानाही ख्रिस्ती बायका तिथे यायला संकोचायच्या, कोणी अडवत नव्हतं तरी. खाली पाणी कुठे आहे हे पाहूनच बोअरची जागा ठरते. पण दोन जागा सारख्या असतील तर रस्त्याकडेची निवडा. इमाम साहेबांचंही तेच मत पडलं, आवाराचं कुंपण त्यांनी त्याच आठवड्यात मागे घेतलं.

पाटी आम्ही परत आणली. ती चाचांच्या वर्कशॉपमध्ये पडून आहे.

जकात, कायदा आणि फोटो

बरेच जण विचारतात, जकातीच्या पैशातून बोअर मारता येतो का? बहुतेक उलमांच्या मते जकात गरजू माणसाच्या मालकीची करून द्यावी लागते आणि बोअर कोणा एकाच्या मालकीचा होत नाही. म्हणून या कामासाठी नफली सदका, लिल्लाहची रक्कम वापरावी. आपापल्या मुफ्तींना विचारून घ्या आणि दोन्ही पैशांची वही वेगळी ठेवा.

कायद्याचं भानही हवं. व्यक्ती म्हणून बँकेमार्फत परदेशात देणगी पाठवता येते, रिझर्व्ह बँकेच्या ठरलेल्या वार्षिक मर्यादेत. पण नोंदणीकृत ट्रस्टने भारताबाहेर खर्च केला तर त्या रकमेवर करमाफी आपोआप मिळत नाही, त्यासाठी केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाची मंजुरी लागते. आधी सीएला विचारा. रोख डॉलर खिशात घालून नेणं हा मार्ग नाही.

फोटोंबद्दल एवढंच. आपल्या मोहल्ल्यात कोणी परका येऊन आपल्या लेकराचा फाटक्या चड्डीतला फोटो काढून जगाला दाखवू लागला तर आपण काय करू? आई-बापाला विचारल्याशिवाय मुलांचे फोटो नको. आम्ही पंपाचे, पाइपचे आणि पावत्यांचे फोटो काढले. देणगीदारांना तेच हवे असतात, निदान हवे असायला हवेत.

आणि परत आल्यावर तब्येत. युगांडात मलेरिया भयंकर आहे. जाण्याआधी प्रतिबंधक गोळ्यांबद्दल डॉक्टरांना विचारा आणि सांगितलेला कोर्स परतल्यानंतरही पूर्ण करा. घरी आल्यावर दोन-तीन महिन्यांत कधीही ताप आला तर "व्हायरल असेल" म्हणून अंगावर काढू नका, डॉक्टरांना आफ्रिकेचा प्रवास आधी सांगा. आमच्यातल्या एकाने तो सांगितला नाही आणि चार दिवस साध्या तापाच्या गोळ्या खाल्ल्या. नंतर आठ दिवस दवाखान्यात काढले. आता बरा आहे, अल्हम्दुलिल्लाह.

गेल्या महिन्यात अब्दुलकडून निरोप आला. लाल पाण्याचा पंप आता साफ चालतोय. दुसऱ्याचे वायसर पुन्हा गेले होते, समितीने स्वतःच्या वर्गणीतून मेकॅनिकची मजुरी दिली, भाग पेटीतले वापरले. शेजारच्या गावातही असेच दोन पंप बंद आहेत, ते म्हणतायत येऊन बघा. या वेळी आम्ही सहा जण जाणार नाही. चाचा आणि हिशेब बघणारा एक, दोघेच जातील. उरलेल्या चौघांच्या तिकिटाचे पैसे पाइपांसाठी ठेवलेत.